बरणीतली म्हातारी

वहिनीने सकाळपासून गुंडाळीकडे तीनदा पाठ फिरवली होती. एकदा चहा टाकायला, एकदा खिडक्या उघडायला आणि एकदा उगीचच. गुंडाळी आपली कामाच्या खोलीतल्या लांब टेबलावर स्वस्थ पडून होती. माणसाच्या उंचीच्या नळीवर गच्च वळलेली, सुतळीने आवळलेली, पाय मोडलेल्या माणसाच्या प्लास्टरसारखी. काल दुपारी दोन तास ती वाफेत शिजली आणि मग रात्रभर थंड झाली. आता अकराला सगळ्यांसमोर सुटायची आणि चारला नाट्यगृहाच्या बाई यायच्या.

आत तिचं कापड होतं. म्हणजे कापड घरचंच, पण मांडणी तिची.

बावीस वर्षं वहिनी या घरात कापडावर खरी पानं लावून त्यांचे ठसे उमटवत आली होती, पण सासूबाईंच्या मांडणीने. मधोमध मोठं पान, चार अंगांना चार लहान, काठाला वेल. माई खुर्चीतून सांगायच्या, वहिनी लावायची, तिचा नवरा गुंडाळायचा. नाट्यगृहाने सोळा पडद्यांसाठी आधी एक नमुना मागितला तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, "माई, हा मी माझ्या मनाने करू का?" आणि बोलून गेल्यावर स्वतःच दचकून नळ उघडून हात धूत बसली.

माईंनी अडवलं नाही. मांडून झाल्यावर फक्त काठीने कापडाचा उजवा अर्धा भाग दाखवला. तिथे एकही पान नव्हतं.

"इथे पानं संपली का?"

"नाही माई. इथे वारा आहे."

"वारा होय," माई म्हणाल्या आणि बराच वेळ त्या वाऱ्याकडे बघत राहिल्या. "बरं. बाईंना तुझा वारा आवडला, तर सोळाच्या सोळा पडदे तुझ्या मनाने कर. मी मध्ये बोलणार नाही. नाही आवडला, तर माझी मांडणी, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मध्ये बोलणार नाही असं माई लेकाच्या लग्नातही म्हणाल्या होत्या, त्यामुळे त्याला काही अर्थ नव्हता. विषय पुन्हा काढायचा नाही, याला मात्र होता.

खिडकीखालच्या फळीवर म्हातारी बसली होती. म्हातारी म्हणजे बरणी. पोटात गंजके खिळे, कड्या, तुटक्या बिजागऱ्या, त्यावर व्हिनेगर आणि पाणी. पानं मांडली की या पाण्यात भिजवलेलं पातळ फडकं त्यांच्यावर पसरायचं आणि मग गुंडाळायचं. लोखंड लागलं की पानाची कड काळी उमटते, शिरा उठतात, नाहीतर नुसता फिकट डाग. ही बरणी माईंच्या सासूने, थोरल्या बाईंनी, सत्तर वर्षांपूर्वी घातली. तेव्हापासून ती कधी रिकामी झाली नाही. जेवढं काढायचं तेवढं घालायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला माई ही गोष्ट सांगायच्या आणि ऐकणारे बरणीकडे बघून आवाज खाली आणायचे.

वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्याच सोमवारी माईंनी तिच्या हातात व्हिनेगरची बाटली दिली होती. "आजपासून म्हातारी तुझी." तेव्हापासून एकही सोमवार चुकला नव्हता. चिऊच्या वेळी दवाखान्यात होती तेव्हासुद्धा तिने नवऱ्याला चिठ्ठी पाठवली होती, मुलगी झाली, म्हातारीला पाणी घाला.

गेला सोमवार तेवढा तिचा चुकला. ती रुग्णालयाच्या कुंपणावरून गुलाबाची पानं आणायला गेली होती, आणि वन्सं आपणहून म्हणाल्या होत्या, "मी घालते हो, तुम्ही जा." वहिनीला फार बरं वाटलं होतं. आठ महिन्यांत वन्सं पहिल्यांदा कामाला आपलं काम म्हणाल्या, असं तिला वाटलं.

*

अकराला सगळे टेबलाभोवती उभे राहिले तेव्हा ताई खिडकीच्या बाजूला उभी राहिली, म्हणजे म्हातारी आपल्या पाठीमागे येईल आणि दिसणार नाही.

ताई म्हणजे वहिनीच्या वन्सं, माईंची थोरली लेक. तीस वर्षं परगावी शाळेत चित्रकला शिकवून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन घरी आली. आल्याआल्या तिने भावाला सांगितलं होतं, "मला पाहुणी म्हणून ठेवू नका, कामाला लावा." त्यांनी तिला इस्त्रीला लावलं. इस्त्री हे काही वाईट काम नाही, पण आठ महिने दुसऱ्यांच्या पानांच्या सुरकुत्या काढल्यावर माणसाला वाटतं की एखादी सुरकुती आपणही पाडावी.

आणि मागच्या बुधवारी तिने ती पाडली होती.

झालं ते अगदी साधं. संध्याकाळची वेळ, खोलीत कुणी नाही, ताई मनातल्या मनात कुठल्याशा जुन्या वर्गाचा विचार करत ओटा आवरत होती. ओट्यावर ब्रश, वाट्या, बरण्या. तीस वर्षं रोज संध्याकाळी तिने पोरांच्या रंगाच्या पाण्याच्या बरण्या धुतल्या होत्या. गढूळ पाणी दिसलं की ओत, घास, पालथी घाल. कुणीतरी म्हातारी फळीवरून काढून ओट्यावर ठेवली होती. ताईने ओतली, घासली, खिळे चाळणीत निथळत ठेवले आणि बरणी पालथी घातली. दिवा मालवून दारापर्यंत गेल्यावर तिला कळलं.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हिनेगरच्या दोन बाटल्या, शेजारच्या सुताराकडून मूठभर गंजके खिळे, आणि रंग यावा म्हणून कपभर कडक कोरा चहा. बघायला म्हातारी तशीच दिसत होती. वास निराळा होता, पण देवाची कृपा, वहिनीला त्या आठवड्यात सर्दी झाली होती.

"कापू का?" भाऊने विचारलं. भाऊ म्हणजे वहिनीचा नवरा. हातात विळ्याएवढी कात्री घेऊन उभा होता.

"काप बाबा. तिचा जीव जाईल तोवर," माई खुर्चीतून म्हणाल्या.

"बाबा, हळू. मी शूट करतेय," चिऊ म्हणाली. चिऊ एकोणीस वर्षांची होती, पण तिचं नाव कुणी वाढवलं नव्हतं.

सुतळीचे तुकडे टपाटप पडले. भाऊने नळी धरली, वहिनीने कापडाची कड धरली आणि ती मागे मागे जाऊ लागली. ओली, शिजलेली पानं कापडावर चिकटून होती. ती चिऊने आणि ताईने चिमटीत धरून उचलायला सुरुवात केली. पहिलं पान. दुसरं. दहावं.

काळी कड कुठेच नव्हती.

निलगिरीची पानं उमटली होती, पण कशी, तर पहाटे अंगणात पडलेल्या सावल्यांसारखी. मध्ये फिकट नारिंगी, कडेने जरासा राखाडी-जांभळट धूर. गुलाबाची पानं पोपटी, एवढी हलकी की मान वाकडी केली तर दिसायची, सरळ केली तर जायची. पुढे तो सगळा मोकळा अर्धा. तिथे खरंच काही नव्हतं.

चिऊने फोन खाली केला.

"उमटलं नाही," शेवटी भाऊ म्हणाला. त्याला शांतता सहन होत नसे, आणि ती मोडताना तो नेहमी चुकीचं वाक्य उचलायचा.

"दिसतंय मला," माई म्हणाल्या. "मोतीबिंदू काढलाय माझा."

"कपाटात मागच्या वर्षीचं वेलीचं कापड आहे. चारला ते दाखवू. म्हणजे आजचा दिवस निभावेल."

वहिनीने कड अजून सोडली नव्हती. "माझंच चुकलं," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, पोळपाटावरचं पीठ पुसावं तसा. "पानं जास्त वेळ भिजत ठेवली. रस गेला असेल. तीन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. वेलीचं काढा."

"आई, पण हे..." चिऊने सुरुवात केली.

"काढा म्हटलं ना. माई, तुमची मांडणी. मी पुन्हा विषय काढणार नाही."

ती कापडाची घडी घालायला लागली. ओल्या कापडाची घडी या घरात कुणी घालत नसे. ताईने आठ महिने बघितलं होतं, वहिनी पाहुण्याच्या अंगावरसुद्धा ओरडायची ओलं कापड घडी केलं तर. आणि आता तीच चौकोन चौकोन करत होती.

"थांबा," ताई म्हणाली. "वहिनी, थांबा जरा. पानं नाही चुकली. पाणी चुकलंय. म्हातारी मी ओतली."

*

माईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. कानांचंही काढावं लागणार बहुतेक.

"काय ओतली?"

"म्हातारी. मागच्या बुधवारी. सिंकमध्ये. मला वाटलं रंगाचं पाणी आहे. वाटलं म्हणजे काही वाटलंच नाही, हात गेला. मग मी नवीन भरली. हे पाणी नऊ दिवसांचं आहे आणि त्यात कपभर चहा आहे."

"साखर घातली का?" चिऊने विचारलं.

"चिऊ, गप्प बस," तीन जण एकदम म्हणाले.

माईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. लेक समोर उभी होती, अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा नाकावर घसरलेला, आणि चेहरा मात्र सातवीत गणितात नापास झाल्यावर केला होता तोच. माईंना राग आणायचा होता. सत्तर वर्षं, थोरल्या बाई, तीन पिढ्या, सगळी वाक्यं तयारच होती, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून घोटलेली. पण पहिलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं, कारण त्याच वेळी भाऊ हसला.

हसला म्हणजे फुसकन. मग तोंडावर हात. मग खांदे हलायला लागले.

"यात हसण्यासारखं काय आहे रे?" माई म्हणाल्या.

"माई, मी दहा वर्षांचा होतो." त्याला धड बोलता येईना. "बॉल लागला. खोलीत खेळू नको म्हणून तू सांगितलं होतंस. आडवी झाली, सगळं पाणी जमिनीवर. मी पुसलं. सायकलची जुनी साखळी घातली आत, आणि व्हिनेगर, आणि... आणि शाई."

"शाई?"

"काळं दिसायला. मला काय माहीत. चाळीस वर्षं मी कुणाला म्हातारीची गोष्ट सांगताना ऐकलं की उठून बाहेर जातो. तुला वाटायचं मला कामात गोडी नाही."

"मला वाटायचं तुला जुलाब होतात," माई म्हणाल्या.

ताईचा चष्मा आता पार टोकाला आला होता. "म्हणजे मी ओतली ती चाळीस वर्षांची होती?"

"नाही आत्या," चिऊ बारीक आवाजात म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी मी अर्धी काढली. मैत्रिणीला कॉलेजच्या प्रोजेक्टला हवं होतं. आणि वर नळाचं पाणी घातलं. पण फक्त अर्धं हं. मी अर्धीच चोर आहे."

माईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना एक भर दुपार दिसली, अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची, ऊन लागलेला एक ओटा, त्यावर दोन तुकडे झालेली बरणी आणि बाजूला वीस वर्षांची एक मुलगी, पदर तोंडात घालून उभी. त्या मुलीने हे आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. नवरा गेला त्यालाही बारा वर्षं झाली. आता सांगितलं नाही तर कधी सांगायचं, आणि यांच्याहून मोठे चोर कुठे मिळायचे ऐकायला?

"ती बरणी थोरल्या बाईंची नाही," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बरणीच ती नाही. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या महिनाभर. मी म्हटलं, उन्हात ठेवली तर पाणी लवकर मुरेल. शहाणपणा. तडकली. बाजारात जाऊन तसलीच दुसरी आणली. आतलं पाणी, खिळे, सगळं माझं."

"थोरल्या बाईंना कळलं नाही?" ताईने विचारलं.

"आल्या, झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, छान मुरलंय. आता त्यांना कळलं नाही की कळूनही म्हणाल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी विचारायला गेले नाही."

भाऊने जमिनीवर बसकण मारली होती. चिऊ त्याच्या खांद्याला टेकून हसत होती. ताई हसावं की रडावं या बेतात होती आणि दोन्ही थोडं थोडं करत होती. माईंनाही आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. किती वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि मग त्यांचं सुनेकडे लक्ष गेलं.

वहिनी हसत नव्हती. ओल्या कापडाची घडी छातीशी धरून ती म्हातारीकडे बघत होती.

"अकराशेच्या वर सोमवार झाले असतील," ती म्हणाली. "ताप असताना उठून घातलंय मी. माहेरी गेले तर रविवारी रात्री परत आले. आई म्हणायची, एक दिवस अजून राहा, मी म्हणायचे, नको, म्हातारी आहे. तिला वाटायचं सासूबाईंबद्दल बोलतेय. म्हणायची, किती जीव लावते सासूला."

चिऊ बाबांच्या खांद्यावरून सरळ झाली.

"तुम्ही सगळ्यांनी सांडलं. सगळ्यांना माहीत होतं की हे काही खरं नाही. म्हणजे या घरात ती गोष्ट खरी मानणारी मी एकटी. बाहेरून आलेली." तिने चिऊकडे पाहिलं. "आणि तू. तीन वर्षांपूर्वी सबंध वर्ष रंग फिका येत होता. मी डॉक्टरकडे जाऊन हात दाखवून आले होते, माहितीये? म्हटलं, हातात उष्णता कमी झालीय का बघा."

"आई..."

"डॉक्टर म्हणाले जीवनसत्त्वं घ्या. घेतली मी."

भाऊ उठून उभा राहिला. "अगं, ऐक तर..."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही शाई घातली होती."

माईंना जन्मात पहिल्यांदा सुनेची माफी मागावीशी वाटली आणि ती कशी मागतात ते आठवेना. म्हणून त्या म्हणाल्या, "सूनबाई, आधी ते कापड उघड. ओलं घडी करू नये."

वहिनीने हातातल्या घडीकडे पाहिलं, जणू ती कुणीतरी दुसऱ्याने दिली होती. मग तिने चौकोन उलगडले, दोरीवर कापड टाकलं, कडा ओढून सरळ केल्या, दोन पावलं मागे गेली आणि तिथेच उभी राहिली. कापड सुकत होतं तसतसा नारिंगी रंग जरा वर येत होता.

"जेवून घ्या सगळे," ती शेवटी म्हणाली. "मी इथेच आहे."

*

साडेतीनला भाऊ खोलीत आला तेव्हा कापड वाळून खिळ्यांवर ताणून लावलेलं होतं आणि वेलीचं जुनं कापड कपाटातच होतं.

"तू हे दाखवणार?"

"हो."

"आणि पाण्याचं?"

"काय पाण्याचं?"

"हे बघ, माईचं म्हणणं आहे की बाईंना काही बोलायचं नाही. बाईंनी आधीच सगळीकडे सांगून ठेवलंय, सत्तर वर्षांचं पाणी म्हणून. ताईचंही तेच. चिऊचं नाही. चिऊ म्हणते तू म्हणशील ते."

"आणि तुमचं?"

भाऊने डोकं खाजवलं. चाळीस वर्षांत या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नव्हतं, नुसतं उठून बाहेर जाऊन भागवलं होतं. "मी इथेच थांबतो," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे बरंच होतं.

बाई चारला पाच कमी असताना आल्या. उंच, घाईतल्या, गळ्यात चष्मा आणि किल्ल्या एकाच दोरीत. माईंच्या पाया पडल्या, म्हातारीला नमस्कार केला, अगदी देवाला करतात तसा, आणि मग कापडासमोर येऊन थांबल्या. जवळ गेल्या. चष्मा लावला. निलगिरीच्या एका पानावर बोट नेलं, लावलं नाही.

"हे मला वाटलं होतं तसं नाहीये."

"नाही," वहिनी म्हणाली.

"फार सुंदर आहे. पण शेवटच्या रांगेतून दिसणार नाही." त्या दारापर्यंत मागे गेल्या, मग दाराबाहेर, मग अंगणाच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी. तिथून हाताने डोळ्यांवर सावली करून बघितलं. "नाही दिसत," त्यांनी तिथूनच सांगितलं. परत आल्या. "मला ती तुमची काळी रेघ हवी होती. त्या जुन्या पाण्याची."

माईंनी तोंड उघडलं. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माईंनी तोंड मिटलं. भाऊने हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"जुनं पाणी नाहीये," वहिनी म्हणाली. "हे नऊ दिवसांचं आहे. त्याच्या आधीचंही सत्तर वर्षांचं नव्हतं. घरात कुणाकुणाच्या हातून सांडत गेलं."

बाई बरणीकडे बघत राहिल्या. नमस्कार परत घेता येत नाही. "मी पत्रकात लिहून बसलेय हो."

"खोडा."

"आणि काय लिहू?"

भाऊला वाटलं, आता वहिनी आत जाईल चहा टाकायला, नेहमीसारखी. ती कापडाच्या मोकळ्या भागापाशी गेली. तिथे उभं राहून तिने एक हात पसरला, दुसरा पसरला, मापं घेतल्यासारखं.

"नवीन पाणी दर आठवड्याला गडद होत जातं," ती म्हणाली, बाईंपेक्षा कापडाशीच. "जुनं मुरलं की तेच राहतं, मग वर्षभर तीच काळी रेघ. मला सोळा पडदे करायचे आहेत. आठवड्याला एक. हा पहिला, नऊ दिवसांचा. पुढचा सोळा दिवसांचा. मग तेवीस. रेघ थोडी थोडी काळी होत जाईल. सोळावा अगदी काळा. ओळीने टांगले की डाव्या टोकाला नुसता धूर, उजव्या टोकाला शाई." ती थांबली. "शाई म्हणजे खरी शाई नाही," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "शेवटच्या रांगेला उजवीकडचे दिसतील."

"आणि पहिल्या रांगेला डावीकडचे."

"आणि सोळाव्याला पुरेसा काळा नाही झाला तर?"

"तर नाही झाला. तेव्हाचं पाणी जसं असेल तसं उमटेल. तिथे मी काही घालणार नाही. चहासुद्धा."

हे शेवटचं बाईंना कळलं नाही, पण खोलीत चार जणांनी एकाच वेळी जमिनीकडे पाहिलं. बाई पुन्हा एकदा दारापर्यंत गेल्या, परत आल्या, किल्ल्या वाजवल्या. उद्घाटन साडेपाच महिन्यांवर आहे म्हणाल्या. दर चार पडदे झाले की येऊन बघणार म्हणाल्या. पसंत पडले नाहीत तर स्पष्ट सांगणार म्हणाल्या.

"सांगा," वहिनी म्हणाली.

"सोळा करा मग. तुमच्या मनाने."

बावीस वर्षं भाऊने बायकोला याच खोलीत पाहिलं होतं, वाकलेली, ओल्या बाह्यांची, हातात पान. तिची उंची त्याच्याएवढीच आहे हे त्याच्या आज लक्षात आलं. मांडणी करताना ती कायम वाकलेली असायची, आणि बाकी वेळी त्याने बहुधा बघितलंच नव्हतं.

बाई गेल्यावर माईंनी दोन मिनिटं कळ काढली. तेवढीच.

"मी मध्ये बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण सोळा आठवडे म्हणजे पाण्यावर सारखी नजर हवी. तू मांडणीत. बरणी कोण बघणार?"

"वन्सं."

ताई इस्त्रीची वायर गुंडाळत होती, ती थांबली. "मी?"

"तिनेच तर ओतलं ना," माई म्हणाल्या.

"म्हणून तर. परत ओतायची हिंमत करणार नाहीत." वहिनीला आता कुठे जरासं हसू आलं, ते तिने नाक पुसायच्या निमित्ताने झाकलं. "आणि वन्सं, सांडलं तर त्याच दिवशी सांगायचं. मी रागावेन. मग आपण पहिल्या आठवड्यापासून पुन्हा मोजू. पण चहा घालायचा नाही."

"नाही घालणार."

"चिऊ, तुलाही सांगते."

"मी काय केलं आता?"

"अर्धं."

ताईने ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली, बोटभर फाडली आणि बरणीच्या पोटावर लावली. पेन झटकून तिने मागच्या बुधवारची तारीख घातली, शिक्षिकेच्या गोल, ठसठशीत अक्षरात. माईंनी वाचायला मान पुढे केली. भाऊनेही केली. सत्तर वर्षांची बरणी एका पट्टीने नऊ दिवसांची झाली होती आणि खोलीत कुणाला तिचं काही वाईट वाटलं नव्हतं.

वहिनीने झाकण काढून वास घेतला. सर्दी गेली होती. व्हिनेगर, लोखंड, आणि हो, चहा.

"खाली नाव घाला," ती म्हणाली.

"कुणाचं? थोरल्या बाईंचं?"

"तुमचं. पाणी तुम्ही घातलंय."

ताईने पेनचं टोपण पुन्हा काढलं. आठ महिन्यांत या खोलीतल्या कुठल्या वस्तूवर तिने काही लिहिलं नव्हतं. मग तिने चष्मा वर सरकवला, वाकली आणि पट्टी पुरणार नाही असं दिसताच दुसरी फाडून लावली, आणि आडनावासकट सगळं लिहिलं.